गटात पहिल्या दिवशी फक्त ऐकायला या

एका तरुणाचा प्रश्न असा आहे: "वय ३२. लग्नाला चौदा महिने झाले. ऐनवेळी ताठरता जाते. सकाळी जाग येते तेव्हा सगळं ठीक असतं, एकट्याने केलं तरी ठीक असतं. शुगर, हार्मोन, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. गोळी घेऊन दोनदा कसंबसं जमलं, तिसऱ्यांदा गोळीही चालली नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी पुरुषांच्या गटोपचाराला जायला सांगितलंय. सात-आठ परक्या पुरुषांसमोर हे मी कसं बोलू? ओळखीचं कोणी निघालं तर? आणि गोळीने झालं नाही ते नुसतं बोलून कसं होईल?"

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पुण्यात बावीस वर्षं काम करतोय, त्यातली सतरा वर्षं असे गट चालवतोय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक जण तिथेच अडतात. फोन करतात, वेळ ठरवतात आणि येत नाहीत.

पहिल्या बैठकीत तुम्हाला काही बोलायचं नाही. नाव सांगायचं, खरं नको वाटलं तर दुसरं सांगायचं, आणि बसायचं. तुम्हाला बोलण्याची भीती वाटतेय, पण गटात माणूस आधी सैल होतो तो दुसऱ्याचं ऐकून. स्वतःचं सांगण्याची पाळी फार नंतर येते. मला स्वतःला हे कळायला काही वर्षं लागली. सुरुवातीला मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बोलतं करायची घाई करायचो, आणि दुसऱ्या आठवड्यात दोन खुर्च्या रिकाम्या दिसायच्या.

एक प्रसंग खुणा पुसून सांगतो. पहिलीच बैठक, सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसलेले. अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ अचानक म्हणाले, "मी बायकोला नऊ वर्षं सांगतोय की माझी पाठ दुखते. माझी पाठ अजिबात दुखत नाही." खोलीत कोणी हललं नाही. मग समोरचा सत्तावीस वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, मी नाईट शिफ्ट मागून घेतो." तिसरा म्हणाला, "मी टीव्ही लावून बसतो, ती झोपेपर्यंत." त्या दिवशी आम्ही कोणाला काही शिकवलं नाही. पण त्या मुलाने पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं की वर्षभरात पहिल्यांदा तो रात्री घरी पोचल्यावर लगेच अंथरुणावर गेला. काही करायला नव्हे, झोपायला. टाळाटाळ फक्त आपणच करतो, असं त्याला तोवर वाटत होतं.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी गटामुळे माणूस का बरा होतो याची अकरा कारणं मांडली आहेत. त्यातलं एक म्हणजे 'हे माझं एकट्याचं नाही' ही जाणीव. दारूच्या, शोकाच्या, नैराश्याच्या गटांतही ती असतेच. पण लैंगिक अडचणींच्या बाबतीत तिचं वजन कितीतरी जास्त आहे, कारण या विषयावर पुरुष एकमेकांशी फक्त फुशारकीच मारतात. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मित्र पाठीवर थाप मारून विचारतात, "काय, झालं का?" त्यावर 'नाही' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा तुमच्या कानावर आजवर आलेल्या सगळ्या कहाण्या जमलेल्यांच्याच आहेत. तुमच्या मनातला 'बाकीचे सगळे' हा समूहच खोटा आहे.

आता तुमच्या शरीराविषयी. सकाळी ताठरता येते, एकट्याने करताना टिकते, रिपोर्ट नॉर्मल आहेत. याचा अर्थ रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन आपलं काम करतायत. अडचण प्रसंगाशी बांधलेली आहे. शरीर निवांत असताना ज्या मज्जातंतूंचं राज्य असतं, ते ताठरता आणतात. पळा किंवा लढा म्हणणारे मज्जातंतू जागे झाले की लिंगातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त परत फिरतं. वाघ समोर असताना ताठरता टिकून उपयोग नाही, म्हणून शरीराची रचनाच तशी आहे. तुमच्या बाबतीत वाघ म्हणजे 'आज होईल ना?' हा प्रश्न. वीर्यपतनाची सूत्रं मात्र या दुसऱ्या मज्जातंतूंकडे असतात. म्हणून धास्तावलेल्या माणसाची ताठरता जाते आणि वीर्यपतनही लवकर होतं. दोन्ही एकदम झालं की तो ठरवून टाकतो की आपण संपलो.

ताठरता झोपेसारखी आहे. झोप लागावी म्हणून तुम्ही अंथरूण घालू शकता, दिवा मालवू शकता. पण 'झोप' असा हुकूम स्वतःला सोडलात की पहाटे चारपर्यंत टक्क जागे. लैंगिकतेचा अभ्यास करणारी अमेरिकन जोडी विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी सेंट लुईसमध्ये केलेलं काम १९७० साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी नेमकं हेच टिपलं की असा पुरुष संबंधात नसतोच, तो बाजूला उभा राहून स्वतःकडे बघत असतो. आमच्या गटातल्या एका रिक्षाचालकाने हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं: "सर, पूर्ण वेळ नजर मीटरवरच असते."

तपासण्यांबद्दल एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगतो. सुरुवातीच्या काळात मी शेहेचाळीस वर्षांच्या एका माणसाला रक्त तपासल्याशिवाय गटात घेतलं. बायकोशी भांडणं होती, नोकरीची चिंता होती, सगळं मानसिक असल्यासारखं दिसत होतं. सहा आठवडे तो मन लावून सगळे सराव करत होता. सातव्या आठवड्यात सहज बोलता बोलता म्हणाला की तळपायाला मुंग्या येतात. शुगर तपासली तर ती कित्येक वर्षं वाढलेली असणार असा आकडा निघाला. त्याचे सहा आठवडे माझ्या चुकीमुळे गेले, आणि 'मनाचा खेळ आहे' हे ऐकून त्याने स्वतःला जो दोष दिला तो वेगळाच. तेव्हापासून शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सकाळी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड व प्रोलॅक्टिन पाहिल्याशिवाय कोणालाही खुर्ची मिळत नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबीचा थर आधी तिथे जाणवतो. चाळिशीनंतर हळूहळू, सगळ्याच प्रसंगी, सकाळचीही ताठरता कमी झाली असेल तर आधी हृदयाची तपासणी करा. चालू औषधांची यादीही दाखवा. नैराश्याच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते आणि वीर्यपतन लांबतं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ताठरतेवर परिणाम होतो. पण त्या मनाने बंद करू नका. डॉक्टर बदलून देतात.

आता गट प्रत्यक्षात कसा असतो ते. सहा ते आठ पुरुष, आम्ही दोघे चालवणारे, आठवड्यातून एकदा दीड तास, एकूण बारा बैठका. सुरू झाल्यावर नवा माणूस आत येत नाही. लग्न झालेले, न झालेले, घटस्फोट झालेले, सगळे एकत्र. वयाची सरमिसळ मी मुद्दाम ठेवतो, कारण पंचविशीतल्या मुलाला साठीतल्या माणसाकडून जे ऐकायला मिळतं ते माझ्या तोंडून पटत नाही. एक गोष्ट ठळक सांगतो, कारण ही शंका मनात असूनही कोणी विचारत नाही. खोलीत कोणीही कपडे काढत नाही, कोणी कोणाला हात लावत नाही, कुठलेही व्हिडिओ दाखवत नाहीत. शरीररचना समजावायला प्लास्टिकचं मॉडेल असतं, तेवढंच. सरावाचा भाग प्रत्येकाने आपल्या घरी, एकट्याने किंवा जोडीदारासोबत करायचा. गटात फक्त तो कसा झाला हे बोलायचं. यापेक्षा वेगळं काही होत असेल तर तिथून उठून निघून या.

ओळखीचं कोणी निघालं तर? गटात घेण्याआधी प्रत्येकाशी एकट्याने तासभर बोलणं होतं. तेव्हा मी मूळ गाव, कंपनी, राहती सोसायटी विचारून घेतो आणि धागा जुळतोय असं वाटलं तर दोघांना वेगवेगळ्या गटांत घालतो. तरीही एकदा चूक झाली. एकाच तालुक्यातल्या शेजारच्या दोन गावांचे दोघे समोरासमोर आले. दोघेही पांढरेफटक पडले. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की तुमच्यापैकी कोणीही आत्ता गेला तरी चालेल. पाचेक मिनिटं दोघे गप्प. मग त्यांतला मोठा म्हणाला, "तुझं गुपित माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. चल आत." बाराही बैठकांना दोघे आले.

फोन बाहेर पेटीत राहतात. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा नाही. रस्त्यात भेट झाली तर ओळख द्यायची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन माझ्यावर आहे. बाकी सभासदांवर मात्र फक्त दिलेल्या शब्दाचं बंधन आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आजवर माझ्या गटांतला शब्द मोडल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

पहिला घरपाठ ऐकून सगळे चकित होतात: संबंध ठेवायचा नाही. तीन आठवडे बंदी. लग्न झालेल्यांनी जोडीदाराला ही बंदी उपचाराचा भाग म्हणून सांगायची. अंथरुणावर परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती कशी राहील? मग फक्त स्पर्श. हात, पाठ, केस, पावलं. लिंग आणि स्तन सोडून. पंधरा-वीस मिनिटं एकाने करायचं, दुसऱ्याने फक्त स्पर्श कसा लागतोय याकडे लक्ष द्यायचं, मग अदलाबदल. हेही मास्टर्स आणि जॉन्सन यांचंच. पण त्यांची पद्धत जोडप्यांसाठी होती, दोन आठवडे सगळं सोडून तिथे येऊन राहणाऱ्यांसाठी. जोडीदार नसलेला किंवा जोडीदाराला आणू न शकणारा पुरुष त्यात बसत नव्हता. कॅलिफोर्नियात बर्नी झिलबर्गेल्ड यांनी जोडीदाराविना येणाऱ्या पुरुषांचे गट चालवून त्यावर १९७५ साली लिहिलं. त्याआधी तिथेच लोनी बारबाक यांनी स्त्रियांचे गट सुरू केले होते. आम्ही ज्या वाटेने चालतो ती तिथून आलेली आहे.

पण ती वाट आपल्या घरात तशीच्या तशी येत नाही. पुस्तकातल्या सरावांना कडी लावलेली खोली लागते. माझ्या गटातल्या निम्म्या माणसांकडे ती नसते. एक खोली, मधे पडदा, पलीकडे आई-वडील, खाली मुलं. पलंग कुरकुरतो म्हणून जमिनीवर गादी. आईला खोकला आला की इकडे दोघे श्वास रोखतात. अशा घरात नव्या नवऱ्याची ताठरता टिकली नाही तर त्याला आजार म्हणायचं का? मी नाही म्हणत. चाळीतल्या एका माणसाशी आम्ही आठ जण मिळून तासभर फक्त एवढंच बोललो की त्याच्या घरात दुपारी दोन तास मोकळे कसे मिळतील. उपाय गटातूनच निघाला. आई दर गुरुवारी भजनाला जाते, त्याने गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकायची. मला तो सुचला नसता. कोणी आई-वडिलांना आठवडाभर बहिणीकडे पाठवलं, कोणी महिन्यातून एकदा लॉजवर जायला लागला आणि पहिल्यांदा रिसेप्शनवर बायकोचं आधारकार्ड देताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं, तेही त्याने सांगितलं. नव्या जोडप्यांचं आणखी एक. सत्यनारायण आणि जागरण-गोंधळ होईपर्यंत वेगळं झोपायचं, मग ठरलेल्या रात्री सगळ्या घराला माहीत असताना एकत्र झोपायचं. त्या रात्री दाराबाहेर पाहुण्यांची कुजबुज ऐकत ज्याचं जमलं नाही, त्याच्या मनात ती रात्र वर्षानुवर्षं रुतून बसते. तुमची सुरुवातही अशीच झाली असेल तर पहिल्या भेटीत ते जरूर सांगा.

ज्यांना लवकर वीर्यपतन होतं त्यांचा सराव वेगळा. जेम्स सीमन्स या अमेरिकन डॉक्टरने १९५६ साली मांडलेली थांबा-सुरू करा ही पद्धत आजही वापरतो. एकट्याने करताना उत्तेजनेला दहापैकी आकडा द्यायचा, सातला थांबायचं, चारवर आलं की पुन्हा सुरू, असं तीनदा, आणि मगच सोडायचं. तुमच्यासारख्यांना मी याच्या उलट सांगतो: आलेली ताठरता मुद्दाम जाऊ द्यायची. हात बाजूला, दीर्घ श्वास, छताकडे बघत पडून राहायचं. पाच मिनिटांनी पुन्हा स्पर्श, पुन्हा येते. हे पाच-सहा वेळा स्वतः अनुभवलं की 'गेली म्हणजे संपलं' ही समजूत गळून पडते. ती एकट्याने करताना गळली की बायकोसोबत असतानाचं भय निम्मं होतं. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा सराव हाच आहे.

वेळेबद्दलही बोलायला हवं, कारण गटात सगळ्यात जास्त सुटकेचे निःश्वास त्याच बैठकीत ऐकू येतात. नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या ५ देशांतल्या ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन प्रत्यक्ष वेळ मोजायला लावला होता. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. प्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यावरचा आकडा निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्म्या जोडप्यांचा वेळ त्याहूनही कमी. मी आधी प्रत्येकाला कागदावर आपला अंदाज लिहायला सांगतो. अर्धा तास, चाळीस मिनिटं असे आकडे येतात. चार मिनिटं होतात म्हणून स्वतःला रोगी समजून दहा वर्षं चूर्णं खाल्लेला माणूस जेव्हा ५.४ हा आकडा ऐकतो, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. दहा वर्षं गेलेली असतात.

चूर्णांवरून धातूकडे येतो. रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा, शुक्र या क्रमाने शुक्र हा शेवटचा धातू, म्हणून तो गेला की सगळंच गेलं, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लघवीतून 'धातू जातो', हस्तमैथुनाने कमजोरी आली, नसा ढिल्या पडल्या असं सांगत येणाऱ्या तरुणांच्या या अवस्थेला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. हस्तमैथुनाने नसा ढिल्या पडत नाहीत. वीर्य साठवल्याने ताकद येत नाही. मी हे शंभरदा सांगतो आणि पहिल्या नव्याण्णव वेळा समोरचा मान डोलावून तसाच घाबरलेला राहतो. तेच गटातला पैलवानी अंगाचा मुलगा म्हणतो, "मी पण करतो की," आणि काम होतं.

रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचक त्यांना हस्तमैथुनासारख्या विषयांवर प्रश्न पाठवत आणि ते सरळ, शास्त्रीय उत्तरं छापत. त्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. प्रश्नाला उत्तर देणं हा गुन्हा कसा, असं विचारायला त्या काळी किती हिंमत लागली असेल! मला मात्र त्या पत्र लिहिणाऱ्यांचा विचार येतो. प्रत्येक जण आपापल्या गावात एकटा बसून तेच प्रश्न लिहीत होता आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. नव्वद वर्षांनी गटात येणारे प्रश्न शब्दशः तेच असतात. फरक एवढाच की विचारणारे आता एकमेकांच्या समोर बसलेले असतात.

सहाव्या-सातव्या बैठकीत आम्ही बायकोशी कसं बोलायचं याची तालीम करतो. मला यातच गटाचा सगळ्यात मोठा उपयोग दिसतो. एकाने नवरा व्हायचं, दुसऱ्याने बायको. नवरा झालेला म्हणतो, "सॉरी, माझ्यामुळे तुझं आयुष्य वाया गेलं." बाकीचे त्याला थांबवतात: अरे, तू माफी मागतोयस, काय होतंय ते सांगतच नाहीयेस. पुन्हा. "मला टेन्शन असतं." कसलं टेन्शन? तिला काय कळणार? पुन्हा. चौथ्या-पाचव्या खेपेला वाक्य बाहेर येतं: "मला तू आवडतेस. जवळ आल्यावर मला परीक्षेसारखी भीती वाटते आणि शरीर बंद पडतं. यावर मी उपचार घेतोय. मला तुझी साथ हवीय." बायकोची भूमिका करणारा कधी कधी अचानक गप्प होतो आणि म्हणतो, "मला आत्ता कळलं तिला काय वाटत असेल." बहुतेक बायका इतके दिवस मनात दोनच गोष्टी घोळवत असतात: मी याला आवडत नाही, किंवा याचं बाहेर कोणीतरी आहे. सासरची माणसं 'पाळणा कधी हलणार' हे विचारतात ते तिलाच, आणि तिने तोंड मिटून ऐकायचं. तुमच्या चौदा महिन्यांत तिचेही चौदा महिने आहेत. आमच्याकडे जोडीदारासाठी दोन स्वतंत्र भेटी असतात, त्या माझ्या सहकारी मानसोपचारतज्ज्ञ बाई घेतात. तिला बोलायला कोणीतरी हवंच. शिवाय कधी तिला स्वतःला वेदना होत असतात, योनीचे स्नायू आवळले जात असतात, आणि नवऱ्याची ताठरता तिच्या वेदनेला भिऊन जात असते. हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, गोळीचा. गोळी मी वाईट म्हणत नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, १९९८ पासून बाजारात आहे आणि तिने असंख्य पुरुषांना आधार दिला आहे. पण ती रक्तप्रवाह वाढवते, इच्छा निर्माण करत नाही आणि भीतीही घालवत नाही. गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसलेल्या माणसाची ती चालत नाही, तुमची तिसरी खेप बहुधा अशीच गेली. भरपेट तेलकट जेवणावर घेतली असेल तर तेही कारण असू शकतं. लैंगिक दुर्बलतेवरच्या मानसोपचारांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली आढावा घेतला: ११ चाचण्या, ३९८ पुरुष. काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा गटोपचार घेणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. फक्त सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपेक्षा सिल्डेनाफिल आणि गट दोन्ही घेणाऱ्यांना संबंध जास्त वेळा जमला आणि उपचार अर्धवट सोडणारेही त्यांच्यात कमी होते. या चाचण्या लहान होत्या, हेही ध्यानात ठेवा. शीघ्रपतनाच्या बाबतीत तर अशाच २०११ च्या आढाव्यात मानसोपचारांचा पुरावा कमकुवत आणि विस्कळीत निघाला. म्हणून शीघ्रपतनवाल्यांना मी गटासोबत औषधाबद्दलही डॉक्टरांशी बोलायला लावतो. तुमच्यासाठी माझा सल्ला: डॉक्टर हो म्हणत असतील तर गटाच्या काळात गोळी कमी मात्रेत चालू ठेवा, सायकल शिकताना मागे आधाराची चाकं असतात तशी, आणि ती कधी काढायची ते त्यांच्याशी बोलून ठरवा. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी घेणाऱ्याने मात्र ही गोळी कधीच घ्यायची नाही, रक्तदाब एकदम खाली येऊन जीव जाऊ शकतो. 'हर्बल' नावाने मिळणाऱ्या पुड्यांत हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून त्याही नकोत. लैंगिक ताकदीच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. लोकलच्या डब्यात आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर ती पाटी दिसली तर एवढं ओळखा की लावणारा कायदा मोडतोय.

गट सगळ्यांसाठी नाही. दारू रोज लागते, त्याला आधी दारूचा उपचार. बायकोला मारतो, त्याला मी घेत नाही. खूप खोल नैराश्यात असलेल्याला आधी एकट्याने उपचार लागतात. ज्याचं आकर्षणच पुरुषांकडे आहे आणि घरच्यांनी बोहल्यावर चढवलं, त्याला मी एवढंच सांगतो की यात रोग नाही आणि 'बरं' करण्यासारखं काही नाही. असं बदलायचा प्रयत्न करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली गैरवर्तन ठरवलं आहे. आठव्या-नवव्या बैठकीला कधी कोणी लहानपणी आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल पहिल्यांदा बोलतो. अशा वेळी ठरलेला विषय बाजूला राहतो, आणि नंतर त्याच्यासाठी स्वतंत्र भेटी सुरू होतात. बारा बैठका झाल्यावरही काहींची अडचण तशीच राहते. त्यांना मी गट पुन्हा करायला लावत नाही, जोडप्याने उपचार घ्यायला सुचवतो.

एक भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण चौदा महिने म्हणालात म्हणून मीच काढतो. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ मध्ये नपुंसकत्वामुळे संबंध न होणं हे विवाह रद्द करण्याचं एक कारण आहे, आणि कोणीतरी ते तुमच्या किंवा तिच्या माहेरच्यांच्या कानावर घातलेलं असतं. कायद्याचं वकील सांगतील. माझ्या बाजूने इतकंच सांगतो की तुम्ही सांगितलेली लक्षणं उपचाराने सुधारणाऱ्यांपैकी आहेत. कोर्टाची भीती डोक्यावर घेऊन अंथरुणावर जाऊ नका. आणि जगणं नकोसं वाटत असेल, असे विचार येत असतील, तर गटाची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

असे गट आपल्याकडे फार कमी आहेत. मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात आधी विचारा. तुमच्या शहरात नसेल तर एकट्याने किंवा जोडीने उपचार घ्या, ताठरता मुद्दाम जाऊ देण्याचा सराव तिथेही करता येतो. गट चालवणाऱ्याला तीन गोष्टी विचारायला लाजू नका: तुमचं शिक्षण काय, आधी एकट्याने भेटणार का, आणि गट बंद आहे की येईल त्याला घेता. तेल, चूर्ण किंवा कोर्स विकणारा असेल तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत जायचीही गरज नाही.

पहिल्या भेटीला रिपोर्टची फाईल आणि चालू गोळ्यांची पानं घेऊन या. बायकोला अजून काही सांगितलं नसेल तर आज एवढंच सांगा की मी याच्यावर उपचार सुरू करतोय. बाकीचं वाक्य आपण सातव्या आठवड्यात बसवू.